डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाले, तरी धास्ती जात नाही

रक्ततपासणीचा रिपोर्ट हल्ली मोबाइलवर येतो आणि बहुधा संध्याकाळ उलटून गेल्यावर येतो. डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी, कधी दोन-तीन दिवसांनी. मधल्या वेळात समोर ठळक अक्षरातला एक आकडा असतो आणि सोबतीला गुगल. मी समुपदेशक. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची कहाणी अशाच एखाद्या रात्री सुरू झालेली असते. कुणाचा ईएसआर वाढलेला, कुणाचं बिलिरुबिन, कुणाचं एसजीपीटी. पुढे डॉक्टर भेटतात, तपासतात, ‘विशेष काही नाही’ म्हणतात. शोध मात्र चालूच राहतो. मग माझ्यासमोर बसून विचारतात, ‘डॉक्टरांचं पटतंय हो, पण भीती का जात नाही?’

मृणाल (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) हाच प्रश्न घेऊन आली. वय चाळिशीच्या अलीकडे, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागाची प्रमुख. विम्यासाठी केलेल्या तपासणीत तिच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, १ लाख ३२ हजार निघाल्या. रिपोर्टवरची खालची मर्यादा होती दीड लाख. त्या रात्री तिने कारणं शोधली. यादीत विषाणूसंसर्ग होता, काही औषधं होती. नळीतच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजतं, हेही होतं. तिच्या डोक्यात राहिला तो रक्ताचा कर्करोग.

दुसऱ्या लॅबमध्ये आकडा आला १ लाख ४१ हजार, तिसऱ्या ठिकाणी १ लाख २९ हजार. यंत्रागणिक, दिवसागणिक एवढा फरक पडतोच, पण तिला दिसली ती घसरण. रक्तविकारतज्ज्ञांनी रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशी व्यवस्थित होत्या, गुठळ्याही नव्हत्या. काही वर्षांपूर्वीच्या तिच्या एका रिपोर्टमध्येही आकडा दीड लाखाच्या खालीच होता. त्यांनी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली आणि कागदावर लिहून दिलं: हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त, त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, कारण नसताना उठणारे काळेनिळे डाग, लांबलेला ताप यांपैकी काही झालं तर आधीच या.

माझी एक अट असते. वैद्यकीय बाजू डॉक्टरांकडून पुरती तपासून झाल्याशिवाय मी भीतीला हात घालत नाही. मृणालच्या बाबतीत ती बाजू झाली होती. तरी ती रोज रात्री नडगीवर बोटं दाबून डाग उठतात का पाहत होती आणि दाबून दाबून एक डाग खरोखरच उठला होता! त्यावर पुन्हा दोन तासांचा शोध.

सुरुवातीला मी तिला ‘सामान्य मर्यादा’ कशी ठरते ते सांगू लागले. निरोगी माणसांची मोजमापं घ्यायची, मधली ९५ टक्के ठेवायची, दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के बाहेर काढायची, ही नेहमीची रीत. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही शंभरात पाच जण प्रत्येक चाचणीत रेषेबाहेर पडणार, हे त्या रीतीतच आलं. वीस चाचण्यांचं पॅकेज केलं आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर एखादा तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता...

‘चौसष्ट टक्के,’ तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. ‘मी हिशेब केलाय.’

मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ मध्ये एक अभ्यास केला होता. साध्या डोकेदुखीसारख्या तक्रारीवरून सुरू झालेला शोध दुर्मीळ, गंभीर आजारांपर्यंत कसा चढत जातो, हे त्यांनी त्यात दाखवलं. मृणालने तोही वाचला होता. इंटरनेटवर आजारांचा शोध घेत राहून भीती वाढवून घेण्याला सायबरकाँड्रिया म्हणतात, हेही तिने गुगलवरच शोधलं होतं. इतक्या माहितीनंतरही झोप लागत नसेल, तर माहितीचा आणखी एक डोस देऊन काय होणार? अनेक डॉक्टर आणि जवळजवळ सगळे नातेवाईक इथेच अडकतात. समजावत राहतात.

मी समजावणं सोडलं आणि विचारलं, ‘रात्री शोधायचं थांबता ते कशावर?’

‘काहीतरी चांगलं वाचायला मिळालं की. कुणीतरी लिहिलेलं असतं, माझ्याही कमी होत्या, काही निघालं नाही.’

‘मग?’

‘बरं वाटतं. थोडा वेळ. मग वाटतं, तिचं वय वेगळं असेल.’

‘कोणता रिपोर्ट आला म्हणजे हे कायमचं थांबेल?’

ती उत्साहाने सांगू लागली. अस्थिमज्जेची तपासणी. मग पोटाची सोनोग्राफी. त्या सगळ्या स्वच्छ आल्या तर... आणि ती स्वतःच अडखळली. ‘पण पुढच्या वर्षी काय?’

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. हा प्रश्न तिच्याजवळच राहू द्यायचा होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत मी घडले. भीतीच्या मुळाशी कुठला हट्ट दडलाय ते शोधायचं, ही तिथली शिकवण. आजार नसावा ही इच्छा रास्तच आहे. पण ‘मला कधीच काही होणार नाही याची पक्की हमी हवी, नाहीतर मला चैन पडता कामा नये’ हा हट्ट झाला आणि कुठल्याही लॅबमध्ये त्यावर तपासणी होत नाही. हे मी तिला सांगू शकले असते. तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन फोन उघडला असता. माणसाचा हट्ट त्याच्याच शहाणपणाने मोडावा लागतो, असं माझं मत आहे, आणि ते शहाणपण प्रत्येकाकडे कुठल्यातरी दुसऱ्या कोपऱ्यात असतं. तो कोपरा हुडकण्यातच माझ्या कामाचा कस लागतो, असं मला वाटतं.

पुढच्या भेटीत मी तिच्या कामाबद्दल विचारलं. ‘माल पाठवताना प्रत्येक नग तपासता?’

‘शक्यच नाही. सॅम्पल काढतो. तेवढे ठरलेल्या मर्यादेत असले की लॉट पास.’

‘उरलेल्यात एखादा खराब असला तर?’

‘असू शकतो.’ ती जराही विचलित झाली नाही. ‘म्हणून तर पुढच्या टप्प्यावर पुन्हा तपासणी असते. आणि तक्रार आली तर कुणी काय करायचं ते आधीच लिहिलेलं असतं.’

‘सही करून घरी जाता, तेव्हा झोप लागते?’

‘लागते की.’

‘आणि एखादा नवा मुलगा मशीनवर प्रत्येक नगाचं माप बघून दर वेळी सेटिंग बदलायला लागला तर?’

‘त्याला आधी बाजूला करीन. मापात थोडा चढउतार असतोच. प्रत्येक चढउताराला हात लावला तर मापं जास्तच...’

ती बोलता बोलता थांबली. बराच वेळ खाली बघत राहिली. मग पर्समधून डॉक्टरांचा घडी घातलेला कागद काढला. पुढची तारीख. आधी यायचं झालं तर कशासाठी यायचं, त्या खुणा. कागद तिने कितीदा तरी वाचला असणार, पण या नजरेने पहिल्यांदाच.

‘हा तर आमचाच कागद आहे, मॅडम. त्यांनी माझा लॉट पास केलाय. मीच मशीनपाशी उभी आहे.’

अशा क्षणी समुपदेशकाने मध्ये बोलू नये. मी बोलले नाही, याचं आजही समाधान वाटतं.

एका वाक्याने सवय सुटत नाही, तेव्हा पुढे कामही होतं. नडगी दाबणं पूर्ण बंद. चौथी लॅब नाही. शोधायची उबळ आली की प्रश्न वहीत लिहायचा आणि फोन अर्धा तास दुसऱ्या खोलीत. उबळ शोधल्याशिवायही ओसरते, हे अनुभवाने कळावं म्हणून हा अर्धा तास. पहिले काही दिवस भीती वाढते, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. नाहीतर माणूस ‘उपाय लागू पडत नाही’ म्हणून सोडून देतो. वहीतले प्रश्न डॉक्टरांसाठी. एवढ्या प्रश्नांमधून विचारण्याजोगे दोन-तीनच उरतात, आणि ते नीट विचारावेत: या आकड्याने तुमचा निर्णय काही बदलतो का? पुन्हा कधी तपासायचं? त्याआधी कशासाठी यायचं? तीन उत्तरं कागदावर घेऊन बाहेर पडलात, तर इंटरनेटवर त्यापेक्षा उपयोगाचं काही सापडणार नाही. मात्र डॉक्टरांनी तारीख दिली असेल तर ती पाळायचीच. काळजी कमी झाली म्हणून तपासणी टाळणं हा काही माझा सल्ला नाही.

घरच्यांनाही थोडं सांगावं लागतं. मृणाल रोज रात्री नवऱ्याला विचारायची, ‘काही नसेल ना रे?’ तो प्रेमाने ‘नाही गं’ म्हणायचा, आणि तेही तिच्या शोधाचाच एक भाग होऊन बसलं होतं. त्याने उत्तर बदललं: ‘मला माहीत नाही. आपली तारीख ठरली आहे.’ पहिल्यांदा हे ऐकून ती चिडली. आठवडाभरात विचारणं कमी झालं.

तीन महिन्यांनी आकडा आला १ लाख ३६ हजार. डॉक्टरांनी पुढची तारीख वर्षानंतरची दिली. त्या संध्याकाळी तिने एकदा शोधलं, असं तिने मला प्रामाणिकपणे सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांत कंटाळा आला म्हणाली. काही महिन्यांनी तिचा नवरा माझ्याकडे आला. त्याची अडचण नेमकी उलटी निघाली: नको ते निघेल या भीतीने त्याने कित्येक वर्षांत रक्तच तपासलं नव्हतं. त्याच्यासाठी पहिल्याच भेटीत तपासणीची तारीख ठरवून घ्यावी लागली.