धुरा खांद्यावर, सूत्रे हाती

प्रश्न असा आहे : नवा पंतप्रधान शपथ घेतो तेव्हा ‘त्यांनी देशाची धुरा हाती घेतली’ असे लिहितात, ते बरोबर आहे का? आणि धुरा, सूत्रे व सुकाणू हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर बिघडते का?

संस्कृतात ‘धुर्’ म्हणजे ओढणाऱ्या जनावराच्या खांद्यावर येणारे जू, आणि त्यावरून भार किंवा जबाबदारी. (विदर्भात शेताच्या बांधालाही धुरा म्हणतात, त्या अर्थाचा येथे संबंध नाही.) त्यामुळे धुरा वाहावी, पेलावी, सांभाळावी, कुणाच्या खांद्यावर सोपवावी, हे शब्दाच्या प्रकृतीला धरून आहे. ‘हाती घेणे’ हे क्रियापद सूत्रांचे. ते धुरेला चिकटले ते केवळ दोन्ही प्रयोग एकाच प्रसंगी कानावर पडत असल्यामुळे, असे मला वाटते. तरीही त्याला सरसकट चूक ठरवण्याआधी ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गातील दिलीप राजा आठवावा. अपत्यप्राप्तीसाठी वसिष्ठांच्या आश्रमाकडे निघताना तो जगाची जड धुरा सचिवांवर सोपवतो, आणि कालिदास ती ‘स्वभुजादवतारिता’, म्हणजे त्याच्या स्वतःच्या भुजेवरून उतरवलेली, असे सांगतो. भुजा काही तळहात नव्हे. पण खांद्याचा आग्रह किती ताणायचा, याचे भान त्यावरून यावे. मी स्वतः ‘धुरा हाती घेतली’ असे लिहिणार नाही, मात्र दुसऱ्याच्या मजकुरात त्यावर लाल रेघही ओढणार नाही.

शब्दांची अदलाबदल मात्र मला खटकते. सूत्रे हे अधिकाराचे चिन्ह आहे आणि ती पदावाचूनही हाती असू शकतात, म्हणून तर आपण ‘पडद्याआडून सूत्रे हलवणे’ म्हणतो. पडद्याआडून धुरा वाहिली, असे कुणी म्हणत नाही, कारण भार वाहणाऱ्याला लोकांसमोर उत्तरदायी राहावे लागते. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आलेले. त्याचा संबंध दिशा देण्याशी, आणि ‘सुकाणू समिती’त तो अर्थ शाबूत आहे. ‘पदभार स्वीकारला’ यात भार असला, तरी तो आता कार्यालयीन नोंदीपुरताच उरला आहे.

या घरातला सर्वांत दुर्लक्षित शब्द मला ‘काळजीवाहू’ वाटतो. राजीनामा दिलेले किंवा सभागृहाचा विश्वास गमावलेले सरकार नवी व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहते, त्याला आपण हे विशेषण लावतो. भारतीय राज्यघटनेत असा वेगळा प्रकार सांगितलेला नाही, तो संकेताने रूढ झाला आहे. बोलण्यात त्याला ‘तात्पुरते, नावापुरते’ अशी छटा आली आहे. ती नेहमीच न्याय्य नसते. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि काळजीवाहू झाले. त्यानंतर मे ते जुलै या काळात कारगिलचे युद्ध याच सरकारने हाताळले. त्या सरकारबद्दल ‘सूत्रे त्यांच्याकडे होती’ असे लिहिले तर वस्तुस्थिती सांगितली जाते, ‘धुरा वाहिली’ असे लिहिले तर तिचे वजनही कळते. गुलझारीलाल नंदा 1964 मध्ये नेहरूंच्या आणि 1966 मध्ये शास्त्रींच्या निधनानंतर पंतप्रधान झाले, त्यांना मात्र ‘हंगामी’ म्हणणे नेमके. तेथे सरकारने विश्वास गमावला नव्हता, नेता गेला होता.

व्याकरणाचे एवढेच की धुरा स्त्रीलिंगी एकवचनी आणि सूत्रे नपुंसकलिंगी अनेकवचनी, म्हणून ‘धुरा सोपवली’ पण ‘सूत्रे सोपवली’ : रूप सारखे दिसले तरी वचन वेगळे आहे, आणि ‘आहे-आहेत’ लावताना ते उघडे पडते. धुरा वाहणारा तो धुरीण किंवा धुरंधर. यांपैकी ‘धुरंधर’ आज कसलेल्या फलंदाजापासून डावपेचात मुरलेल्या पुढाऱ्यापर्यंत कुणालाही लावतात, तेव्हा राष्ट्राची जबाबदारी वाहणाऱ्या व्यक्तीविषयी आदराने लिहायचे असेल तर ‘धुरीण’ हाच शब्द निवडावा.