वाचकांचे प्रश्न : पाऊस नसलेल्या मातीत नत्र कोण फिरवते?

प्रश्न : उसाचे पाचट सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, की काही महिन्यांत त्याचे खत होते, पण हे सारे जमिनीत ओल असेल तरच घडते. जिथे वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही, त्या वाळवंटात हे काम कोण करते? चिलीच्या वाळवंटातील नायट्रेटचे साठे जिवाणूंनीच तयार केले का?
– एक ऊस उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण बाकीचे उत्तर त्यावरूनच उलगडत जाते. चिलीच्या उत्तरेकडील अटाकामा वाळवंटात सोडियम नायट्रेटचे जे प्रचंड साठे आहेत, ज्यांच्यामुळे चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात १८७९ ते १८८४ या काळात युद्ध पेटले आणि कारखान्यात अमोनिया बनवण्याची पद्धत रुळेपर्यंत ज्यांतून युरोपातील शेतीला नत्र मिळत राहिले, ते साठे मुख्यतः जिवाणूंनी घडवलेले नाहीत. वातावरणात सूर्यप्रकाशामुळे चालणाऱ्या रासायनिक क्रियांतून नायट्रेट तयार होते आणि धुळीबरोबर जमिनीवर येऊन बसते. जिवाणूंनी बनवलेल्या नायट्रेटमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे) प्रमाण वेगळे असते, आणि त्यावरूनच अटाकामातील बहुतांश नायट्रेट हवेतून आल्याचे ओळखता आले.

हवेतून पडणारे नायट्रेट करवीरच्या शेतातही येतेच. परंतु येथे त्यातील काही पिकाची मुळे घेतात, काही पावसाबरोबर खाली झिरपते आणि उरलेल्यातील बराचसा भाग जिवाणू पुन्हा नायट्रोजन वायूत बदलून हवेत सोडतात. या शेवटच्या क्रियेला, म्हणजे विनत्रीकरणाला, दोन गोष्टी लागतात : पाण्याने भरल्यामुळे ऑक्सिजन न पोहोचणारे मातीतील बारीक पोकळे, आणि जिवाणूंना खाण्यासाठी सेंद्रिय कर्ब. अटाकामाच्या गाभ्यातील युंगाय परिसरात पावसाची वार्षिक सरासरी २ मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे या दोन्ही गोष्टी तिथे जवळजवळ नाहीत. आवक अगदी थोडी असूनही जावक बंद असल्याने लाखो वर्षांत हे साठे वाढत गेले. माझ्या मते या साठ्यांकडे पाहण्याची योग्य दृष्टी हीच आहे : नत्राचे चक्र एका ठिकाणी तुटले, की काय होते याचा तो पुरावा आहे. आपल्या शेतात नत्र टिकत नाही म्हणून आपण चिंता करतो, आणि तिथे नत्र भरपूर असूनही ते वापरायला कोणी उरलेले नाही.

याचा अर्थ तिथे जीवच नाही, असा मात्र घेऊ नये. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युंगायच्या मातीत सेंद्रिय द्रव्य आणि जिवाणू इतके कमी आढळले, की तिची तुलना मंगळावरील मातीशी झाली; तरीही त्याच भागातील मिठाच्या खड्यांच्या आत सायनोबॅक्टेरिया, म्हणजे वनस्पतींप्रमाणे प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू, जगतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेते आणि खड्याच्या सूक्ष्म छिद्रांत ओल धरते. तेवढ्या ओलीवर हे जीव प्रकाशसंश्लेषण करतात. इतर वाळवंटांत अर्धपारदर्शक गारगोटीच्या खालच्या बाजूला असेच हिरवट थर सापडतात, कारण तिथे प्रकाश पोहोचतो, ऊन सौम्य होते आणि दवाचे पाणी जरा अधिक वेळ टिकते.

पाऊस थोडा वाढला, की जमिनीच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची पापडी तयार होते. तिच्यातील मायक्रोकोलियस हा सायनोबॅक्टेरिया धूळ बांधून ठेवतो, तर नॉस्टॉक आणि सायटोनिमा हे त्याचे भाऊबंद हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणजे सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणतात. नत्राचा एक रेणू स्थिर करण्यासाठी पेशीला एटीपीचे (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे) किमान १६ रेणू खर्चावे लागतात, म्हणून हे काम पापडी ओली असते त्या मोजक्या तासांतच उरकावे लागते. नंतर जमीन अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील काही नत्र अमोनिया होऊन उडूनही जाते. स्फुरदाचे दुखणे वेगळे आहे : ते कॅल्शियमशी घट्ट बांधलेले असते आणि जिवाणूंच्या सेंद्रिय आम्लांनी ते सोडवण्यासाठीही पाण्याची पातळ फिल्म लागतेच.

पाचटाचे म्हणाल, तर कोरड्या प्रदेशात पालापाचोळ्याचे विघटन बऱ्याच अंशी ऊनच करते. अतिनील किरणांनी लिग्निन (वनस्पतींना ताठपणा देणारे चिवट द्रव्य) तुटते आणि कर्ब जिवाणूंच्या हाती न लागता कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणजे त्यातून मातीला मिळायचे ते पुरेसे मिळतच नाही.

ज्या मातीत सूर्यप्रकाशावर जगणारे जीवही मोजकेच आहेत, तिथल्या काही जिवाणूंनी आणखी एक मार्ग काढला आहे, आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. पूर्व अंटार्क्टिकातील कोरड्या मातीवरील २०१७ च्या अभ्यासात असे दिसले, की तेथील जिवाणू हवेतील हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात. हवेच्या १० लाख भागांत हायड्रोजन जेमतेम अर्धा भाग असतो. तेवढ्यावर पेशी जिवंत राहते, कार्बन डायऑक्साइड स्थिर करते आणि या क्रियेत थोडे पाणीही निर्माण होते.

प्रश्न : अशा जमिनीला पाणी दिले, तर तिथले जिवाणू झपाट्याने वाढतील ना?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : आपल्याकडे तसे होते. उन्हाळ्यात तापलेल्या रानावर वळीव पडला, की मातीतल्या जिवाणूंचे श्वसन एकदम वाढते आणि कार्बन डायऑक्साइड व नत्र मोकळे होते; एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या मातीवर हे दाखवून दिले, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. वळवानंतर दरवळणारा मातीचा वासही स्ट्रेप्टोमायसिससारख्या जिवाणूंच्या जिओस्मिन या द्रव्याचाच असतो. साधारण कोरड्या वाळवंटातही थोडासा पाऊस हेच घडवून आणतो.

अतिकोरड्या मातीत मात्र उलटे होऊ शकते. कोरडेपणा सोसण्यासाठी तिथले जिवाणू ट्रेहॅलोजसारख्या शर्करा पेशीत साठवून ठेवतात. अचानक भरपूर पाणी मिळाले, की ते पेशीत शिरते आणि तिचा दाब वाढून ती फुटते. २०१५ आणि २०१७ मध्ये अटाकामाच्या गाभ्यात अनपेक्षित पाऊस पडून खाऱ्या पाण्याची तळी साचली. त्यापूर्वी त्या मातीतून जिवाणूंच्या १६ जातींपर्यंत नोंद झालेली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या तळ्यांमध्ये दोन ते चारच जाती आढळल्या.