पहिल्यांदाच मुलांना ठेवून जाताय? गोवा राहू द्या, दोन रात्री वाईकडे जा

मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा, घर कोथरूडला. लग्नाला दहा वर्षं होतायत म्हणून चार रात्री गोवा, आणि तेवढे दिवस सासू-सासरे साताऱ्याहून येऊन मुलांना सांभाळणार. तुम्ही विचारलंय, गोव्यात कुठे राहावं? माझं मत विचाराल तर या खेपेला गोवा नकोच. दोन रात्री, गाडीने तीन तासांच्या आतलं ठिकाण, आणि तेही शनिवार टाळून.

आधी अंतराचं. रात्री अकराला मुलगा तापाने फणफणला तर बहुतेक वेळा तुम्हाला यावं लागत नाही, आजी निभावून नेतात. पण यायचं ठरवलं तर येता येईल, एवढं माहीत असलं की दोघांनाही झोप लागते. गोवा गाडीने साडेचारशे किलोमीटर, म्हणजे नऊ-दहा तास. विमान तासाभराचं असलं तरी शेवटचं निघून गेलं की सकाळपर्यंत अडकलात. वाई नव्वदेक किलोमीटरवर, पाचगणी पसरणी घाट चढून त्याच्या थोडं पुढे.

वाराचा विचार बहुतेक जण उलटा करतात. सुट्टी वाचते म्हणून शनिवार-रविवार धरतात, आणि नेमके तेच दोन दिवस मुलं चौदा-चौदा तास घरात असतात. सत्तरीच्या माणसांना मूल एक तास आवडतं, सलग चौदा तास झेपत नाही. त्यापेक्षा रविवारी जेवून निघा आणि मंगळवारी चारपर्यंत घरी या. सोमवारी मुलगी शाळेत, धाकटा तीन तास प्लेग्रुपला, कामाच्या मावशी येणार, म्हणजे आजींना दुपारी पाठ टेकता येते. रजा दोनच दिवस जाते, हॉटेल स्वस्त पडतं, आणि रविवारी दुपारी खेड शिवापूरच्या नाक्यावर गर्दी पुण्याकडे येणाऱ्यांची असते, तुम्ही उलट दिशेला. तारीख ठरवताना शाळेची चाचणी आणि पालकसभा तेवढी बघून घ्या.

सासू-सासऱ्यांना शुक्रवारीच बोलवा. शनिवारी संध्याकाळी सात ते अकरा तुम्ही दोघं बाहेर राहा आणि जेवण, आंघोळ, झोपवणं सगळं त्यांच्यावर सोडा. ही रंगीत तालीम टाळू नका, कारण ज्या गोष्टी तुम्ही न बघता करता त्या यादीत कधीच येत नाहीत: गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, गॅसचा मधला बर्नर लायटरने पेटत नाही, धाकट्याला झोपताना निळीच चादर लागते. झोपायच्या जागेचा घोळही तेव्हाच कळतो. मूल पडेल म्हणून गादी खाली घालावी तर गुडघे दुखणाऱ्या आजींना जमिनीवरून उठता येत नाही. उपाय सोपा आहे. पलंग भिंतीला लावा, मूल भिंतीकडे, आजी कडेला, आणि पायथ्याच्या मोकळ्या बाजूला खाली एक जाड गादी. रात्री मुलाला उचलायचं काम आजोबांना देऊ नका, बाथरूमपर्यंत हात धरून चालवत न्यायला सांगा.

आता औषधं. सर्वांत महागात पडणाऱ्या चुका इथे होतात. तापाचं पॅरासिटामॉल बाजारात निरनिराळ्या ताकदीचं मिळतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५०, आणि तान्ह्या मुलांचे थेंब तर १ मिलीतच १००. नेहमीचा हिशेब किलोमागे १५ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे १४ किलोच्या मुलाला साधारण २१० मिलिग्रॅम: २५०च्या बाटलीतून चार मिलीच्या थोडं वर, १२०च्या बाटलीतून जवळजवळ नऊ मिली. नऊ मिलीचा आकडा डोक्यात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून भरलं तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून घरात एकच बाटली ठेवा, बाकीच्या कुलपात. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना ती बाटली दाखवून दोन्ही मुलांचा डोस मिलीमध्ये लिहून घ्या आणि कागद बाटलीलाच रबराने बांधा. चमच्याने नाही, खुणांच्या सिरिंजने द्यायचं. दोन डोसांत निदान चार तास, चोवीस तासांत चारच्या वर नाही. दिलेली वेळ फ्रिजवरच्या कागदावर लगेच टिपायची, कारण तीनला आजींनी दिलेलं असताना चारला आजोबा प्रेमाने पुन्हा देतात.

जुलाबासाठी ओआरएसची पुडी ठेवा. मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासभर पाण्यात घातली की प्रमाण बिघडतं आणि जुलाब वाढू शकतात. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. सात-आठ तासांत शू नाही, श्वासाला धाप, झटका, किंवा मूल हाक मारूनही नीट जागं होत नाही, यातलं काहीही दिसलं तर आधी दवाखाना, मग तुम्हाला फोन. हा क्रम त्यांच्याकडून वदवून घ्या. नाहीतर तुमची सहल मोडू नये म्हणून ती दोघं दोन तास थांबतील. १०८ आणि ११२ हे आकडे मोठ्या अक्षरात दाराजवळ लावा.

एक धोका कुणाच्याच लक्षात येत नाही: पाहुण्यांची स्वतःची औषधं. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या उशीखाली, चष्म्याच्या घरात किंवा आजींच्या पर्समध्ये असतात, आणि तीन वर्षांच्या मुलाला त्या चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. मधुमेहाची एखादी गोळीही लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. ते येतील त्याच संध्याकाळी डबा वरच्या कपाटात ठेवा. त्यांना "नियम" म्हणून सांगू नका. "इथे तुमची औषधं सापडायला सोपी" म्हणून जागा दाखवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: विम्याची कार्डं, मुलांच्या आधारच्या प्रती, आणि 'आमच्या गैरहजेरीत उपचारांचा निर्णय आजी-आजोबा घेतील' असं दोघांच्या सहीचं साधं पत्र. अगदी तातडी असेल तर डॉक्टर कागदासाठी थांबत नाहीत, पण टाके घालण्यासारख्या प्रसंगी त्याने वेळ वाचतो. शाळेला आणि व्हॅनवाल्या काकांना आजोबांचा फोटो व नंबर पाठवा. तीन-चार हजार रुपये शंभर-दोनशेच्या नोटांत घरी ठेवा, आणि त्या दिवसांत येणारं कुठलंही पार्सल मागवू नका. तुम्ही घाटात, ओटीपी तुमच्या फोनवर आणि कुरिअरवाला दारात, असं होतं.

स्वयंपाकाचे सहा डबे भरून फ्रिज कोंबायची गरज नाही. इडलीचं पीठ, निवडलेली भाजी, आणि मावशींना पोळ्यांसाठी जास्तीचे पैसे देऊन दोन्ही वेळा बोलावलं की पुरे. नियम तीनच सांगा: गॅलरीचं दार बंद, औषध कागदाप्रमाणे, मुलं बाहेर असताना हात सोडायचा नाही. टीव्ही, बिस्किटं, साडेनऊची झोप, हे त्या दोन दिवसांपुरतं सोडून द्या. पानभर सूचना लिहिल्या की वाचणारा त्यातलं महत्त्वाचं तेवढंच विसरतो, आणि सासूबाई दुखावतात ते वेगळंच.

मुलीला आठवडाभर आधी सांगा, मुलाला आदल्या दिवशी. त्याला वार कळत नाहीत, "दोन वेळा झोपलास की आम्ही येतो" हे कळतं. तो झोपलेला असताना सटकू नका आणि ऑफिसचं खोटं कारण तर नकोच. पुढचे कित्येक दिवस तुम्ही रोज खरोखर ऑफिसला निघालात की तो पायाला मिठी मारेल. रडला तरी टाटा करून निघा. दारात पंधरा मिनिटं समजूत घालत बसलं की रडं वाढतं. व्हिडिओ कॉल दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाच्या सुमारास. झोपायच्या वेळी केला तर शांत झालेलं मूल पुन्हा "आई ये" म्हणून बसतं. झोपतानाची गोष्ट तुमच्या आवाजात आधीच रेकॉर्ड करून ठेवा.

राहायची जागा निवडताना 'फॅमिली रिसॉर्ट' हा शब्द दिसला की पुढे जा. दुसऱ्यांची मुलं तरणतलावात किंचाळताना ऐकायला कशाला जायचं? फोन करून तीनच गोष्टी विचारा: खोलीत मोबाइलला रेंज येते का, रात्री लग्नाचा किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का, जेवण किती वाजेपर्यंत मिळतं. दोघांचंही आधार कार्ड न्या, कारण पॅनवर पत्ता नसल्याने बरीच हॉटेलं ते घेत नाहीत. वाईत ढोल्या गणपती आणि कृष्णेचा घाट, पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि १७३९च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, एवढं एका सकाळीत होतं. बाकी वेळ रिकामा ठेवा. पहिल्या रात्री दोघंही नऊलाच झोपून जाल. तो बेत फसला असं समजू नका, ती थकबाकी आहे.

परतल्यावर धाकटा तुमच्याकडे न बघता आजींच्या मांडीत बसेल, किंवा दोन-चार दिवस चिकटून राहील, अंथरूणही ओलं करेल. हे नेहमीचं आहे, त्यावर रागावू नका आणि मोठी खेळणी देऊन भरपाईही करू नका. सासू-सासऱ्यांचं साताऱ्याचं तिकीट मात्र मंगळवारचं काढू नका. बुधवारी तुम्ही स्वयंपाक करा, मुलं तुमच्याकडे ठेवा, त्यांना दुपारभर झोपू द्या, आणि गुरुवारी सकाळी स्वारगेटपर्यंत सोडायला जा.