घरी बनवलेल्या गिटार पेडलसाठी थ्रीडी प्रिंटेड डबा टिकतो का, की सरळ अ‍ॅल्युमिनियमचाच घ्यावा?

टिकतो. माझा टिकलाय. पण माझा पहिला डबा ज्या संध्याकाळी फसला, ती गोष्ट पुण्यातल्या आमच्या ओळखीच्या गिटारवाल्यांमध्ये अजून सांगितली जाते आणि दर वेळी खापर प्लास्टिकवरच फुटतं, म्हणून आधी तेच सांगतो.

मे महिना, सोलापूर. एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. सकाळी पुण्यातून निघालो, पेडलबोर्ड (सगळी पेडलं बसवलेली फळी) गाडीच्या डिकीत, दुपारी बारा ते पाच गाडी उन्हात. बोर्डावर माझा फझ होता, म्हणजे पायाने दाबलं की गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल, दोन ट्रान्झिस्टरचा, मीच बनवलेला, काळ्या पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) मीच छापलेल्या डब्यात. नाव कडकलक्ष्मी, आणि ते नाव डब्यावर देवनागरीतच लिहिलेलं. तिसऱ्या गाण्यात सोलोला पाय दिला, टक झालं आणि गिटार बंद. आवाज कमी नाही, पूर्ण बंद. बेसवाल्याने ओढून नेलं, मी खाली बसून केबल काढली, थेट अ‍ॅम्पमध्ये घातली आणि सोलो संपता संपता परत आत शिरलो.

रात्री लॉजवर डबा उघडला. फूटस्विचचा नट प्लास्टिकमध्ये जवळपास एक मिलीमीटर रुतला होता, गोल खळगा पडलेला, त्यामुळे स्विच ढिला होऊन पायाखाली पाव वेढा फिरला होता आणि इनपुटची पांढरी वायर सोल्डरच्या अगदी मुळाशी तुटली होती. एवढंच झालं होतं. सर्किटला काही नाही, केबल खुपसायच्या जॅकला काही नाही. आमचा ड्रमर पलंगावर बसून बघत होता, म्हणाला, "प्लास्टिक ते प्लास्टिकच. खेळण्याच्या डब्यात पेडल करायचं नसतं." या वाक्याला आता सहा वर्षं होतील आणि मला ते आजही मान्य नाही.

कारण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत काळी वस्तू तेवढी तापते. शिवाय पीएलए सतत दाबाखाली ठेवलं तर थंड असतानाही हळूहळू दबतं, घट्ट नटाखाली तर नक्कीच. त्यात मी वरचा पत्रा (पत्रा म्हणतो, तुम्हाला कळलं) फक्त दोन मिलीमीटरचा ठेवला होता आणि मोठा वॉशर घातलाच नव्हता. चूक मटेरियल निवडण्याची आणि डिझाइनची, दोन्ही माझ्या. "डबा छापू नये" हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो ते मला ड्रमरने आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात तोच डबा पीईटीजी नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापला, ते ऐंशी अंशांपर्यंत तग धरतं. माप साधारण १२५बी या पेडलच्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम डब्याचंच ठेवलं, १२२ बाय ६६ बाय ३९ मिलीमीटर, म्हणजे बोर्डावर इतर पेडलांच्या ओळीत बसतो. स्विचभोवती जाडी चार मिलीमीटर, आतून-बाहेरून स्टीलचा रुंद वॉशर. पण पूर्ण वरची बाजू चार मिलीमीटर करू नका, पॉटची (ज्यावर फिरवायची खुंटी बसते त्या भागाची) आट्यांची मान लहान असते, नट धरतच नाही. पॉटपाशी आतून खोलगट करून अडीचवर आणायचं. स्विचला भोक बाराचं, पॉटला सातचं, पण छापल्यावर भोकं थोडी आकसतात म्हणून मी पाव मिलीमीटर जास्त धरतो आणि मग हाताने रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवतो. झाकणाच्या स्क्रूसाठी पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) सोल्डरिंग आयर्नने दाबून बसवा, नुसत्या प्लास्टिकमध्ये स्क्रू चार वेळा उघडला की आटे गेलेच.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा डबा दोन कामं गुपचूप करतो. एक, तो शिल्ड असतो, म्हणजे बाहेरची विजेची भणभण अडवतो. प्लास्टिकमध्ये फझ उघड्यावर बसल्यासारखा असतो, स्टेजवरच्या दिव्यांच्या डिमरची भणभण सगळी आत घेतो. दोन, दोन्ही जॅकचा ग्राउंड तो आपोआप जोडतो. खूप जणांचं सर्किट धातूच्या डब्यात वाजतं आणि प्लास्टिकमध्ये घातलं की मरतं, कारण एका जॅकला ग्राउंडची वायर लावलेलीच नसते, डबाच ती होता. तेव्हा प्रत्येक जॅकला वायर, पॉटच्या पाठींनाही वायर. आतून कॉपर टेप लावा, झाकणालाही, आणि जिथे पट्टीवर पट्टी येते तिथे सोल्डरचा डाग द्या, कारण स्वस्त टेपच्या गोंदातून करंट जात नाही. डाग पटकन द्या, खाली प्लास्टिक आहे. मल्टीमीटरची बीप ऐकल्याशिवाय झाकण लावू नका, आणि सर्किट बोर्डाच्या खाली इन्सुलेशन टेप, नाहीतर कॉपरवर शॉर्ट. पुण्यात असाल तर हे सगळं तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतं.

हे केल्यावर माझा फझ आणि ड्रमरच्या भावाचा धातूच्या डब्यातला फझ एकाच अ‍ॅम्पवर, एकाच ट्यूबलाइटखाली लावून ऐकलेत. भणभणीत फरक नव्हता. ड्रमर म्हणाला, मोठ्या कंपन्या धातूच का वापरतात मग? अरे, नव्वदच्या दशकात आयबानेझ कंपनीने टीएस५ हा पेडल प्लास्टिकच्या डब्यात विकला, आणि लोक अजून वाजवतात तो. डब्याचा टोनशी संबंध नाही. शिल्ड नीट, ग्राउंड नीट, स्विच घट्ट, बस.

आणि छापण्याचं जे खरं सुख आहे ते कोणी बोलतच नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर मी आधी वॉटरस्लाइड डिकाल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावायचो. वरून लॅकरचे तीन हात देऊनसुद्धा वर्षभरात बुटाने नाव पुसलं जायचं. छापलेल्या डब्यात अक्षर हा डब्याचाच भाग असतो. दर्शनी बाजू बेडवर (प्रिंटरच्या पाटावर) पालथी ठेवायची, आधी फक्त अक्षरं पिवळ्या फिलामेंटमध्ये (प्लास्टिकच्या तारेत) एका थराची छापायची, ती बेडवर तशीच चिकटलेली ठेवायची, मग काळं घालून त्यावरूनच सगळा डबा. देवनागरीत एक अडचण येते. प्लास्टिक जिथून बाहेर येतं ते नोझल ०.४ मिलीमीटरचं, त्यामुळे ०.८ पेक्षा बारीक रेघ टिकत नाही, आणि पहिल्या वेळी माझा "क्ष्मी" वेलांटीसकट बेडवरून उचकटून नोझलला चिकटून आला. फॉन्ट ठळक केला, क्ष आणि म मधली फट हाताने रुंद केली, चौथ्या वेळी जमलं. पॉटखाली "धार" आणि "आवाज" लिहिलंय. शाळेतली मुलं कार्यक्रमानंतर स्टेजपाशी येऊन ते मोठ्याने वाचतात, मला त्याचं फार वाटतं. आपल्या पेडलवर आपली लिपी एका नगासाठी स्क्रीन प्रिंटिंगवाला करून देत नाही. प्रिंटर देतो, शंभर-सव्वाशे ग्रॅम फिलामेंटमध्ये, रात्रभरात.

हां, आणि हे आधी सांगायला हवं होतं. आयुष्यातलं पहिलंच पेडल असेल तर तयार अ‍ॅल्युमिनियमचा डबा घ्या, म्हणजे वाजलं नाही तर निदान शिल्डवर संशय राहणार नाही. रोज कार्यक्रम असतील आणि बोर्ड टेम्पोत आदळत जाणार असेल तरी धातूच. जॅकच्या बाजूची भिंत कमी जाड ठेवली तर केबलवर कोणी अडखळलं की थरांच्या रेषेवर चीर जाते, तिथे चार मिलीमीटरच ठेवा. आणि ज्याच्या आत २३० व्होल्ट येतात असं काहीही, ट्यूबवालं असो की पॉवर सप्लाय, छापलेल्या डब्यात अजिबात घालू नका. मी बोलतोय ते फक्त नऊ व्होल्टच्या पेडलांबद्दल.

दुसरी कडकलक्ष्मी त्यानंतर दोनदा सोलापूरला आणि एकदा ऐन एप्रिलात नागपूरला जाऊन आली, डिकीतूनच. परवा मुद्दाम उघडून बघितली, स्विचच्या नटाखाली खळगा नाही. फोटो ड्रमरला पाठवलाय.