गनिमी कावा फक्त मराठ्यांचाच?

प्रश्न असा आला आहे: 'व्हिएतकाँगने गनिमी काव्याने अमेरिकेला जेरीस आणले' हे वाक्य चालेल का? (व्हिएतकाँग म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेशी लढलेले दक्षिण व्हिएतनाममधले कम्युनिस्ट लढवय्ये.) प्रश्नकर्त्याच्या मित्राचं म्हणणं, गनिमी कावा हा मराठ्यांचा, परक्यांसाठी 'गेरिला युद्ध' लिहावं. शिवाय 'गनिमी' की 'गनीमी', हेही विचारलं आहे.

दुसरं आधी उरकतो. 'गनीम' मधला नी दीर्घ, पण पुढे काही जोडलं की ऱ्हस्व: गनिमाने, गनिमी. गरीब-गरिबीसारखंच.

आता मित्राचा 'गेरिला'. स्पॅनिशमध्ये 'गेर्रा' म्हणजे युद्ध, आणि त्याचं लहानखुरं रूप 'गेर्रिया', म्हणजे छोटंसं युद्ध. नेपोलियनच्या फौजा १८०८ साली स्पेनमध्ये घुसल्या, तिथल्या लोकांनी टोळ्याटोळ्यांनी त्यांना सतावलं आणि शब्द युरोपभर गेला. इंग्रजीत त्याचा उच्चार त्या मोठ्या काळ्या वानरासारखाच होतो, म्हणून आपल्याकडे अधूनमधून 'गोरिला युद्ध' छापून येतं आणि डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहतं. गंमत बाजूला ठेवली तरी हा शब्द लढाईचा फक्त आकार सांगतो. लढायचं कसं, याबद्दल तो गप्प आहे.

'कावा' मात्र बोलतो. घोड्याला गोल फेर धरायला लावणं म्हणजे कावा देणं. समोरासमोर भिडायचं नाही, वळसा घालायचा, हूल द्यायची, टोला हाणून निघून जायचं. त्यातूनच कावा म्हणजे डावपेच आणि कावेबाज माणूस हे अर्थ आले. आणि व्हिएतनामी लोक स्वतः काय म्हणतात? 'झू कीक' (उत्तरेकडच्या उच्चारात, 'माझा' मधला झ, दक्षिणेत तो य होतो). शब्द मुळात चिनी. पहिल्या भागाचा अर्थ भटकणं, दुसऱ्याचा तडाखा देणं. हिंडता हिंडता मारणं! म्हणजे त्यांच्या शब्दाला स्पॅनिश 'छोट्या युद्धा'पेक्षा आपला घोड्याचा फेरच जवळचा. माझ्यापुरता निकाल इथेच लागतो: वाक्य चालेल.

पण शब्द चालला म्हणून चित्र तेच समजू नये. मराठ्यांचा कावा घोड्याच्या पाठीवर होता. मोकळा माळ, वेगाने येणं, वेगाने जाणं. व्हिएतनाममधला लढवय्या पायी, बहुधा गावातलाच, आणि 'जाणं' म्हणजे कित्येकदा जमिनीखाली जाणं. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव, तिच्या वायव्येला कु ची भागात फ्रेंच राजवटीविरुद्धच्या लढ्यापासून खणलेली भुयारं पुढे दोनशे किलोमीटरांहून जास्त पसरली. त्यात झोपायच्या जागा, दवाखाने, धूर दूरवर फाकून सोडणाऱ्या चुली. १९६६ साली अमेरिकेच्या एका डिव्हिजनने कु चीलाच तळ ठोकला, म्हणजे जवळपास वारुळावरच तंबू. मग किरकोळ अंगाचे शिपाई निवडून, हातात पिस्तूल आणि विजेरी देऊन आत सोडावे लागले. त्यांना 'भुयारातले उंदीर' हेच नाव पडलं.

त्याहून मोठा फरक एका घोषवाक्यात आहे: 'शत्रूचा कमरपट्टा धरून लढा.' अमेरिकेच्या तोफा आणि विमानं दुरून आग ओकत. त्यांच्या शिपायांना इतकं चिकटून राहायचं, की स्वतःचीच माणसं मरतील या भीतीने वरून बाँब टाकता येऊ नये. ही तर काव्याच्या बरोबर उलटी चाल झाली! तिला 'गनिमी कावा' म्हणताना माझीही जीभ जराशी अडखळते, पण निदान 'कावेबाज' म्हणायला हरकत नसावी.

सरसकट सगळ्या व्हिएतनाम युद्धाला मात्र हा शब्द लावू नका. १९५४ साली दिएन बिएन फू इथे व्हिएतनामी सेनापती जनरल झ्यापने डोंगरांवर तोफा चढवून, खंदक खणत खणत फ्रेंचांना जवळजवळ आठ आठवडे वेढलं. तो वेढा होता, कावा नव्हे. ३० एप्रिल १९७५ला सायगावच्या राजवाड्याचं फाटक मोडून आत शिरले ते उत्तर व्हिएतनामच्या नियमित सैन्याचे रणगाडे.

'व्हिएतनाम हे महाराजांकडून शिकलं' हा निरोप तुमच्याही मोबाईलवर आला असेल. शब्द वापरायला त्या निरोपाची गरज नाही. व्हिएतनामी लोक आपला वारसा सांगतात तो त्यांच्या जुन्या सेनापतीचा, चान हुंग दाओचा. त्याने १२८८ साली बाक दांग नदीच्या तळाशी अणकुचीदार खांब रोवले, भरतीत मंगोलांची जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटी लागल्यावर ती खांबांत अडकली. जंगलातल्या खड्ड्यांत पेरलेले बांबूचे सुळे पाहिले की ते खांब आठवतातच.

मित्राला आक्षेप घ्यायचाच होता, तर तो 'व्हिएतकाँग'वर घ्यायचा. हे त्यांनी स्वतः घेतलेलं नाव नाही. 'व्हिएतनामी कम्युनिस्ट' याचं ते तुटक रूप, सायगावच्या सरकारने हिणवून रूढ केलेलं. ते स्वतःला मुक्तिसेना म्हणवत. १९६० साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्ती आघाडी ही त्यांची संघटना. आणि 'गनीम'? अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द मुळात लुटीशी जोडलेला, हिंदीतलं 'गनीमत' त्याच घरचं. मोगलांच्या फारसी कागदांत मराठ्यांना गनीम म्हटलेलं सापडतं, आणि मराठी कागदांत मराठ्यांच्या शत्रूला! तेव्हा तुमच्या वाक्यात कर्ता आणि डावपेच, दोघांनाही शत्रूच्या तोंडचा वास आहे. मी लिहिलं असतं तर: 'दक्षिण व्हिएतनाममधल्या मुक्तिसैनिकांनी गनिमी काव्याने अमेरिकी फौजेला जेरीस आणलं.' लांबट झालं खरं. मथळ्यात बसवायचं असेल तर 'व्हिएतकाँग' ठेवा, फक्त मजकुरात एकदा त्याचा खुलासा करा.