सुतारशाळेचं टपाल : उभ्याने वल्हवायचं वल्हं

गेल्या अंकात पॅडलबोर्डबद्दल, म्हणजे ज्यावर उभं राहून वल्हवायचं त्या लांब फळीबद्दल, लिहिलं होतं. पत्रं आली ती बहुतेक वल्ह्याबद्दल. बरंच झालं. बोर्ड सरळ विकत घ्यावा, पण रंधा बरा चालवणाऱ्या कुणालाही वल्हं घरी करता येतं.

प्रश्न : आमचा कसब्यातला वाडा उतरवला, त्यातलं जुनं सागवान माझ्याकडे आहे. पानशेतच्या पाण्यावर वापरायला अख्खं वल्हं त्याचंच करावं असं मनात आहे. आमचा सुतार म्हणतो, शिवणीचं हलकं लाकूड घ्या. कोणाचं ऐकू? माझी उंची 5 फूट 6 इंच. – सु. प., पुणे

उत्तर : सुताराचं ऐका. शांत पाण्यासाठी वल्हं आपल्या उंचीपेक्षा साधारण 8 इंच लांब लागतं, म्हणजे तुम्हाला 74 इंच, 188 सेंटिमीटर. त्यातलं पातं 45 सेंमी लांब आणि 21 सेंमी रुंद धरू. अख्खं सागाचं केलंत तर सव्वा किलोच्या आसपास भरेल, शिवणीचं नऊशे ग्रॅमच्या थोडं वर. हातात धरून बघाल तर हा फरक किरकोळ वाटेल. पण मिनिटाला 35 वेळा वल्हं मारलं तर तासाला 2,100 वेळा ते पाण्यातून उचलून पुढे न्यायचं असतं, आणि पातं हातापासून सगळ्यात लांब. तिथले शंभर ग्रॅम मुठीजवळच्या शंभर ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त जाणवतात. म्हणून वजन कमी करायचं ते खालून. मधोमध 12 मिलिमीटर जाडी ठेवा आणि कडांकडे 5 पर्यंत उतरवत न्या. लोक नेमका इथेच हात आखडता घेतात आणि पात्याऐवजी पाटा बनतो.

तुमचा साग वाया जाणार नाही. दांडा एकाच लाकडातून काढू नका, पट्ट्या चिकटवून करा. ओढताना ताण येतो तो दांड्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगावर. मधलं लाकूड जवळजवळ नुसतं अंतर राखायचं काम करतं. तेव्हा पुढेमागे एकेक पट्टी सागाची घ्या आणि मधल्या सगळ्या शिवणीच्या. पट्ट्या 5–6 मिमी जाडीच्या असाव्यात, म्हणजे साच्यावर सहज वाकतील. हा बाक महत्त्वाचा: पातं दांड्याच्या रेषेपासून सुमारे 10 अंश पुढे झुकलेलं हवं. 45 सेंमीच्या पात्याला याचा अर्थ टोक साधारण 8 सेंमी पुढे. प्लायवूडवर ही वळणाची रेघ आखून ठोकळे स्क्रूने बसवले की साचा तयार. शिकंजे जमतील तेवढे लावा, शेजाऱ्याचेही मागून आणा.

सागात तेल असतं, त्यामुळे इपॉक्सी (दोन घटक मिसळून करायचा, कडक होणारा चिकटा) लावण्याच्या अगदी आधी पट्ट्या ॲसिटोनने पुसून घ्या. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल पुन्हा वर येतं. जुन्या चौकटीतले खिळे आधी चुंबक फिरवून शोधा. आणि प्रत्येक पट्टीच्या कडेवर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाकून बघा. शाई लाकडाच्या रेषेने पसरते. ती पट्टीच्या लांबीने सरळ पळाली तर ठीक, तिरकी बाहेर जायला लागली तर ती पट्टी दांड्यात नको. ऐन पाण्यात तिथेच तडा जाईल. लाकूड कोणतं यापेक्षा रेषा कशी आहे यावर दांड्याचं आयुष्य ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

चिकटवून झालं की चौकोनी दांड्याचा आधी अष्टकोन करा, मग सोळा कोन, मग गोल. अगदी गोल नकोच. ओढायच्या दिशेला 34 मिमी आणि आडवा 29 असा लंबगोल ठेवलात तर कणखर राहतो आणि हाताला पात्याची दिशा न बघता कळते. मूठ सगळ्यात शेवटी चिकटवा. आधी दांडा थोडा लांब ठेवून पाण्यावर नेऊन बघा, मगच कापा.

प्रश्न : सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करत, ती किती हलकी असायची! वल्ह्याला पांगारा चालेल? – म. ना., सावंतवाडी

उत्तर : दांड्याला अजिबात नाही. पात्याच्या गाभ्याला चालेल, पण दोन्ही बाजूंनी काचेचं कापड (फायबरग्लासचं) आणि इपॉक्सी हवंच. पांगारा मऊ असतो, पाणी पितो आणि त्याला कीड लवकर लागते. पात्याच्या खालच्या कडेला सेंटिमीटरभर कठीण लाकडाची पट्टी लावा, नाहीतर पहिल्याच खडकाला दात पडतील.

प्रश्न : मी केलेलं वल्हं साळ नदीत ओढताना डावं-उजवं फडफडतं. पातं सपाट आहे. मी नीट धरतो का, हीही शंका आहे. – अ. का., मडगाव

उत्तर : आधी धरण्याचं बघा. पातं तुमच्यापासून पुढे झुकलेलं दिसलं पाहिजे. नवखे हमखास उलटं धरतात, कारण डावासारखं पाणी उपसायचं असं त्यांना वाटतं.

नीट धरूनही फडफडत असेल तर दोष सपाटपणाचा. पाणी एकदा डाव्या कडेने निसटतं, एकदा उजव्या. पात्याच्या ज्या बाजूने पाणी मागे ढकललं जातं तिथे मधोमध एक कणा लागतो, म्हणजे पाणी दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. 6 मिमी उंचीची त्रिकोणी पट्टी दांड्याच्या तोंडापासून पात्याच्या दोन तृतीयांशापर्यंत उतरत जाईल अशी चिकटवा, वरून काचेचं कापड. त्याआधी दोन्ही कडांची जाडी कॅलिपरने मोजा. एक कड जाड राहिली असेल तरी असंच होतं.

प्रश्न : जुलैमध्ये इपॉक्सी लावलं. वर चिकट, मेणासारखा थर आला आणि चमक गेली. सगळं खरवडू? – वि. शि., रत्नागिरी

उत्तर : नखाने दाबून बघा. आतून कडक असेल तर तो दमट हवेने आलेला थर आहे. कोमट पाणी आणि खरखरीत घासणीने धुवा, वाळवा, मगच पॉलिश पेपर मारा. आधी घासलंत तर तो थर आत रगडला जाईल. नख रुतत असेल तर मात्र दोन घटकांचं प्रमाण चुकलंय, आणि ते खरवडण्याला पर्याय नाही. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे वाचायला विसरू नका. पावसाळ्यात लाकूडही ओलं असतं, ते इपॉक्सीत कोंडून ठेवू नये. हे काम दिवाळीनंतर काढा. इपॉक्सीचा हात संध्याकाळी द्या, कारण तापमान उतरत असताना लाकडातली हवा बुडबुडे काढत नाही. शेवटी बोटींचं, उन्हाला टिकणारं वॉर्निश द्याच. नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून सोलतं.

प्रश्न : इथे रेड सीडर मुबलक आणि हलकं, म्हणून तेच घेतलं. पण काम केल्यावर रात्री खोकला येतो. संबंध असेल का? – रा. गो., व्हँकुव्हर

उत्तर : असू शकतो, आणि दुर्लक्ष करण्यासारखा नाही. रेड सीडरच्या भुशात प्लिकॅटिक ॲसिड असतं, त्यातून सुतारांना दमा जडल्याचं वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. त्रास कित्येकदा काही तासांनी, रात्री सुरू होतो. सध्या काम थांबवा आणि कोणत्या लाकडावर काम करता हे डॉक्टरांना नावानिशी सांगा. एकदा ही प्रतिक्रिया जडली की थोड्या भुशानेही त्रास होतो, तेव्हा मास्क लावून त्याच लाकडावर पुढे जाण्याच्या भरीस पडू नका. तुमच्याकडे सिटका स्प्रूस मिळतं. सीडरपेक्षा थोडं जड, पण दांड्याला जास्त चांगलं. तेही रंध्यानेच तासा, म्हणजे भुशाऐवजी शेव पडेल. सँडर चालवायचाच तर बाहेर, आणि चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या रेस्पिरेटरसकट.