हिवाळ्यात माळावर गवतालगत उडणारा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेला तपकिरी शिकारी पक्षी घार आहे का?

नाही. आपण केलेल्या वर्णनावरून तो भोवत्या आहे, ज्याला पक्षिनिरीक्षक सर्रास हॅरियर म्हणतात. तपकिरी रंग आणि शेपटीच्या मुळाशी ठळक पांढरा पट्टा पाहता ती मादी किंवा त्याच वर्षी जन्मलेला पक्षी असावा.

भोवत्या आधी उडण्यावरून ओळखावा, रंगाकडे नंतर वळावे. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि ती उंचावर घिरट्या घालते. भोवत्या मात्र गवताच्या शेंड्यांवरून काही वेळा पंख मारतो, मग ते इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उचलून धरत तरंगतो आणि एकाएकी गिरकी घेऊन गवतात उतरतो. त्याचा चेहरा घुबडासारखा चपटा असतो व त्यामुळे गवताआडची उंदराची खसफसही त्याला टिपता येते. राखाडी नराची कापशी या लहान शिकारी पक्ष्याशी गल्लत होते, पण कापशी एका जागी फडफडत राहते, तारेवर बसते आणि तिच्या खांद्यावर काळा डाग असतो, तर भोवत्याच्या पंखांची टोके काळी असतात.

आपल्या माळांवर प्रामुख्याने दोन जाती दिसतात. माँटेग्यूज हॅरियरच्या नराच्या पंखांवर वरून एक काळी आडवी रेघ असते आणि पोटावर तांबूस रेषा असतात. पॅलिड हॅरियरचा नर जवळजवळ पांढरा दिसतो व त्याच्या पंखांच्या टोकाशी फक्त काळी पाचर असते. माद्या ओळखण्याचे काम अवघड आहे. गालावरच्या गडद डागामागे मानेभोवती फिकट पट्टा स्पष्ट असेल, तर पॅलिड मानावी. तो दिसला नाही, तर नुसते 'हॅरियर, मादी' एवढेच नोंदवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

हे पक्षी मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून ऑक्टोबरच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. उंदरांबरोबरच नाकतोडे हे त्यांचे मोठे खाद्य असल्याने कीटकनाशकांची फवारणी त्यांना थेट भोवते, आणि ज्या माळाला कागदोपत्री 'पडीक' म्हटले जाते तोच त्यांचा निवारा असतो, कारण ते झाडावर नव्हे, तर उंच गवतात जमिनीवर रात्र काढतात. गुजरातेतील वेळावदरला हिवाळ्यात ते शेकडोंनी असे एकत्र उतरतात.

पाहायला सकाळी किंवा सूर्यास्ताआधी तासभर जावे, सूर्य पाठीशी ठेवावा आणि एका जागी बसून राहावे, कारण भोवत्या तोच पट्टा पुन्हा पुन्हा धुंडाळतो. संध्याकाळी ते उतरत असलेल्या गवतात मात्र कृपया शिरू नये, गाडीही नेऊ नये. एकदा उठवलेल्या पक्ष्यांना अंधारात दुसरी जागा शोधावी लागते. पुढच्या वेळी छायाचित्र मिळाल्यास मान आणि पंखांची वरची बाजू दिसेल असे घ्यावे, म्हणजे जात सांगता येईल.